केअरमधल्या मुलाला शाळेने काढून टाकू नये म्हणून आत्ताच काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापासून तुमच्याकडे १३ वर्षांचा मुलगा फॉस्टर केअरमध्ये आहे, म्हणजे कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) वतीने तुम्ही त्याला सांभाळता. त्याच्यावर केअर ऑर्डर, म्हणजे त्याची जबाबदारी कौन्सिलकडे देणारा कोर्टाचा आदेश आहे, इंग्लंडमधल्या सेकंडरी शाळेत तो इयर नाइनला जातो. या शालेय वर्षात त्याला तीनदा सस्पेंड केलं, म्हणजे ठरावीक दिवस शाळेबाहेर ठेवलं. मधूनमधून दुपारी फोन येतो, ‘आज त्याला घरी घेऊन जा.’ मागच्या आठवड्यात डेप्युटी हेड म्हणाले, पुढच्या वेळी कायमचंच काढावं लागेल. आपल्या हातात आता काय उरलंय, असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता हेही विचारलंत, की आम्ही स्पेशल गार्डियनशिप (मुलाचं पालकत्व आपल्याकडे देणारा कोर्टाचा आदेश) घेतली तर शाळेच्या बाबतीत काही फरक पडेल का.

मी बरीच वर्षं एका कौन्सिलच्या व्हर्च्युअल स्कूलमध्ये, म्हणजे केअरमधल्या मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या विभागात, काम करते आहे आणि अशा मुलांच्या शाळा टिकवणं हेच माझं काम आहे. तुमच्या हातात भरपूर आहे, पण त्यातलं बहुतेक सगळं पत्र येण्याआधी करायचं आहे. एकदा कायमचं काढल्याचं पत्र आलं की मार्ग उरतात, पण ते अरुंद असतात आणि त्यात मुलाचे आठवडेच्या आठवडे जातात.

आधी त्या दुपारच्या फोनबद्दल बोलू. त्या फोनला यापुढे हो म्हणू नका. ‘जरा शांत होऊ दे’ असं सांगून मुलाला घरी पाठवणं इंग्लंडमध्ये बेकायदा आहे, घरच्यांची संमती असली तरी. वागणुकीवरून मुलाला घरी पाठवायचं असेल तर शाळेने त्याला रीतसर सस्पेंड करायचं असतं. तो निर्णय फक्त हेडटीचर घेऊ शकतात, आणि कारण काय, किती दिवस, गव्हर्नरांपुढे, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळापुढे, तुमचं म्हणणं कसं मांडायचं, हे सगळं पत्रात लिहून द्यावं लागतं. तुम्ही शाळेशी संबंध चांगले राहावेत म्हणून त्याला आणायला जाता, हे मला कळतं. पण त्या दुपारींची नोंद सस्पेन्शन म्हणून कुठेच होत नाही. मूल किती तास वर्गाबाहेर गेलं ते कुणाला दिसत नाही. मग फाइल उघडणाऱ्याला वाटतं, तीन सस्पेन्शनं झाली, मधला काळ बरा होता, आणि एकदम मोठी घटना घडली. प्रत्यक्षात मधल्या काळातही मूल बुडतच होतं.

पुढच्या वेळी फोन आला की शांतपणे विचारा: “हे सस्पेन्शन आहे का? असेल तर पत्र पाठवा, मी येते. नसेल तर तो शाळेतच राहू दे, त्याला बसायला शांत जागा कुठे देता येईल ते आपण बोलू.” त्याच संध्याकाळी ईमेल करा: किती वाजता फोन आला, कोण बोललं, काय सांगितलं. सोशल वर्करना प्रत जाऊ द्या. आधीच्या फोनांच्या तारखाही मोबाइलमधून काढून ठेवा. भांडणाचा सूर नको, नुसती नोंद पुरे. हीच गोष्ट अर्ध्या दिवसाच्या वेळापत्रकाची. ‘काही दिवस बारापर्यंतच येऊ दे’ असं सुचवलं गेलं तर लक्षात ठेवा, की असं वेळापत्रक फक्त अपवादात्मक परिस्थितीत, ठरावीक मुदतीपुरतं वापरायचं असतं आणि वागणूक आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नये, असं सरकारी मार्गदर्शन स्पष्ट सांगतं. केअरमधल्या मुलांच्या बाबतीत असं वेळापत्रक सुरू होतं दोन आठवड्यांसाठी आणि चालतं दोन टर्म. आढावा घ्यायची तारीख कुणी लिहिलेलीच नसते.

आता, तुमच्या बाजूने कोण उभं राहायला हवं? मार्च २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये केअरमधली मुलं ८३ हजारांहून जास्त होती. या प्रत्येक मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या कौन्सिलमध्ये एक व्हर्च्युअल स्कूल हेड असतो. ही खरीखुरी शाळा नाही, इमारत नाही. त्या कौन्सिलच्या देखरेखीखालची मुलं वेगवेगळ्या शाळांत शिकत असली तरी ती जणू एकाच शाळेत आहेत असं धरून त्यांच्या प्रगतीवर नजर ठेवणारा हा अधिकारी. असा अधिकारी नेमणं २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टने सगळ्या कौन्सिलांवर बंधनकारक केलं. इथे एक गोंधळ फार वेळा होतो. मूल एका गावात राहत असतं, पण त्याची जबाबदारी दुसऱ्याच कौन्सिलची असते. अशा वेळी तुम्हाला हवा तो व्हर्च्युअल स्कूल हेड त्या जबाबदार कौन्सिलचा, राहत्या गावातल्या कौन्सिलचा नव्हे. शाळाही कधीकधी चुकीच्या कौन्सिलला कळवते आणि पत्र कुणाच्याच टेबलावर पोचत नाही.

शाळेच्या आतला माणूस म्हणजे डेझिग्नेटेड टीचर. केअरमधल्या मुलांसाठी असा एक शिक्षक नेमणं शाळेला कायद्याने बंधनकारक आहे. मूल सस्पेंड होण्याची शक्यता दिसायला लागली की त्या शिक्षकाने व्हर्च्युअल स्कूल हेडशी लवकरात लवकर बोलायचं असतं. आणि सस्पेंड केलं किंवा कायमचं काढलं, तर हेडटीचरने विनाविलंब सोशल वर्कर आणि व्हर्च्युअल स्कूल हेड या दोघांनाही कळवावंच लागतं. हे बंधन २०२२ पासून आहे. म्हणून उद्या सकाळी पहिलं काम हे करा: व्हर्च्युअल स्कूलला फोन करून विचारा, तिन्ही सस्पेन्शनं तुमच्याकडे नोंदली गेली आहेत का? नसतील तर तिथूनच सुरुवात होते.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. शाळेकडे मुलाच्या वागण्याची नोंद असते: तारीख, तास, विषय, शिक्षक, काय घडलं. कौन्सिलकडे मुलाच्या आयुष्याची नोंद असते: आईची भेट कधी झाली, कधी रद्द झाली, सोशल वर्कर कधी बदलला, कोर्टाची तारीख कधी होती, भाऊ दुसरीकडे कधी हलवला. रात्री झोप लागली का, जेवला का, खोलीतून बाहेर आला का, हे तुमच्याकडे असतं. या तिन्ही नोंदी एका टेबलावर कधी येतच नाहीत. शाळेला वाटतं, मुलगा कारण नसताना भडकतो. सोशल वर्करला वाटतं, शाळा फार कडक आहे. आणि मूल मधल्या मधे सापडतं.

तुम्ही त्या आणा. शाळेकडून या वर्षाच्या सगळ्या वर्तन-नोंदींची प्रत मागा. एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे शाळेतल्या घटना, वार आणि वेळेसह. उजवीकडे त्याच्या आयुष्यातल्या घटना. सगळं तारखेनुसार मांडा. भेटीच्या तारखा, रद्द झालेल्या भेटी, वाढदिवस, त्याला घरातून काढलं ती तारीख, तुम्ही बाहेरगावी गेल्यामुळे तो दोन रात्री दुसऱ्या केअररकडे राहिला तो शनिवार-रविवार, सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, सगळं त्यात येऊ द्या. मग नुसतं बघा.

अशा कागदावर घटना आठवडाभर सारख्या पसरलेल्या क्वचितच दिसतात. त्या कुठेतरी दाटीवाटीने बसलेल्या असतात. एका मुलीच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या घटना पीईच्या (खेळाच्या) तासाच्या आगेमागे होत्या. गर्दीच्या खोलीत सगळ्यांसमोर कपडे बदलणं तिला सहन होत नव्हतं, आणि का ते ती कुणाला सांगणार नव्हती. त्यात आईची भेट नेमकी आदल्या संध्याकाळी असायची. तिला पाच मिनिटं आधी, वेगळ्या खोलीत कपडे बदलायची मुभा दिली आणि भेटीचा वार बदलला. ‘शिक्षकांशी उद्धट, वर्ग सोडून जाते’ अशा नोंदींची जी रांग लागली होती, ती तिथे थांबली. शाळेने तोवर तिच्यासाठी राग आवरण्याच्या शिकवण्या लावल्या होत्या. शिकवण्या वाईट नव्हत्या, त्या चुकीच्या प्रश्नावर होत्या.

भेटीबद्दल एक सांगते, कारण हा कागद पाहून कुणीतरी नक्की म्हणेल, ‘मग आईची भेटच बंद करा.’ वागणुकीची शिक्षा म्हणून कुटुंबाची भेट कधीही तोडायची नाही. भेटीनंतर मूल हलतं, कारण भेट त्याच्यासाठी मोठी असते. भेटीची वेळ बदला, भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत त्याला कुणी भेटेल अशी सोय करा, त्या दिवशी चाचणी ठेवू नका.

तुमच्या मुलाच्या नोंदी मी पाहिलेल्या नाहीत. पण ज्या मुलाने घरं बदलली आहेत त्याच्याबद्दल एक गोष्ट बहुतेक वेळा खरी ठरते. त्याला मोठ्या माणसाचा चेहरा फार लवकर वाचता येतो, आणि त्यात नापसंती दिसली की तो पुढचं पाऊल स्वतःच टाकतो. हाकलण्याआधी निघून जातो. ‘वर्गाबाहेर हो’ हे वाक्य इतर मुलांना शिक्षा वाटते. त्याला ते ओळखीचं वाटतं. तसं त्याच्याशी आधीही घडलेलं असतं. म्हणून सगळ्या वर्गासमोर आवाज चढवणं, दारात अडवून उभं राहणं, ‘माझ्याकडे बघून बोल’ असा आग्रह धरणं, यातून छोटी गोष्ट दहा मिनिटांत मोठी होते. शाळेने नियम सोडावेत असं मी म्हणत नाही. नियम तोच ठेवून, तो कुणी, कुठे आणि कसा सांगायचा, एवढं ठरवायला हवं. बाहेर जाण्याचं कार्ड असेल तर ते दाखवल्यावर तो नेमका कुठे जाणार, तिथे कोण असणार आणि परत वर्गात कसा येणार, ही तिन्ही उत्तरं लिहिलेली हवीत. नुसतं कार्ड दिलं की मूल कॉरिडॉरमध्ये भटकतं आणि मग भटकल्याबद्दल वेगळी नोंद होते.

हा कागद घेऊन पर्सनल एज्युकेशन प्लॅनची, म्हणजे पीईपीची बैठक मागा. मूल केअरमध्ये आल्यावर दहा कामकाजी दिवसांत हा प्लॅन सुरू व्हायला हवा आणि दर टर्मला त्याचा आढावा घ्यायचा असतो. वागणुकीबद्दलची काळजी आणि काढून टाकण्याची वेळ येऊ नये म्हणून काय मदत दिली जाते आहे, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. पुढच्या टर्मची वाट पाहू नका. तीन सस्पेन्शनं आणि डेप्युटी हेडचं ते वाक्य एवढं कारण आधी बैठक बोलवायला पुरेसं आहे. व्हर्च्युअल स्कूलचा माणूस हजर हवाच. बैठकीत ‘वागणूक सुधारेल’, ‘शिक्षकांचा आदर करेल’ असली उद्दिष्टं लिहू देऊ नका. अशी वाक्यं पुढे मुलाविरुद्धच वापरली जातात: उद्दिष्ट दिलं होतं, गाठलं नाही. मोठी माणसं काय करणार, कोण करणार, कोणत्या तारखेपासून, हे लिहून घ्या. आणि बैठकीआधी कुणीतरी मुलाशी बोलून त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत तिथे आणलं पाहिजे. वीस मोठ्या माणसांसमोर त्याला बसवून ‘तुला काय वाटतं’ विचारलं तर तो खांदे उडवेल आणि आपण म्हणू, त्याला पर्वाच नाही.

पैशाचाही विषय काढा. केअरमधल्या प्रत्येक मुलासाठी कौन्सिलला प्युपिल प्रीमियम प्लस हा सरकारी शिक्षणनिधी मिळतो; २०२४-२५ साठी ही रक्कम वर्षाला २,५७० पौंड होती. ती व्हर्च्युअल स्कूल हेडच्या हाती असते आणि प्लॅनमधल्या गरजेनुसार खर्च व्हायला हवी. माझं मत विचाराल तर महागड्या कार्यक्रमांपेक्षा रोज सकाळी त्याला भेटणारा एकच ठरलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. पंधरा मिनिटं, तोच माणूस, तीच जागा, मूल वर्गात जाण्याआधी. काल रात्री काय झालं हे त्या माणसाला कळतं आणि पहिल्या तासाच्या शिक्षकाला तो दोन शब्द सांगू शकतो. आणि तो आजारी पडला तर कोण भेटणार, हेही ठरवून ठेवा. अशा मुलाची खरी परीक्षा बदली शिक्षक येतो त्या दिवशी असते.

अजून एक गोष्ट तपासून घ्या. त्याला वाचता-समजता किती येतं? केअरमधली अनेक मुलं शाळा बदलत बदलत आलेली असतात. मधे महिनेच्या महिने गेलेले असतात. ऐकलेली लांब सूचना समजायला त्रास होतो, पण ते लपवायला ती शिकलेली असतात. ‘न ऐकणारा’ मुलगा प्रत्यक्षात न समजणारा असू शकतो. स्पीच अँड लँग्वेज तपासणी आणि एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टकडून मूल्यमापन मागा. शिक्षणातल्या विशेष गरजा मोठ्या वाटत असतील तर ईएचसी प्लॅनसाठी, म्हणजे मुलाला कोणती मदत द्यायची ते कायद्याने बांधून देणाऱ्या योजनेसाठी, अर्ज करा. त्याला सगळं सुरळीत झालं तरी २० आठवडे लागतात, म्हणून आजच विचार सुरू करा. त्याला ऑटिझम किंवा एडीएचडीसारखं काही निदान असेल, किंवा तशी शंका असेल, तर २०१० चा इक्वालिटी ॲक्ट, म्हणजे अपंगत्व वगैरेंवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदाही लागू होऊ शकतो. पूर्वी शाळा म्हणत, मुलाने मारलं, आणि मारण्याची प्रवृत्ती अपंगत्वाच्या व्याख्येत येत नाही, म्हणजे विषय संपला. २०१८ मध्ये अप्पर ट्रायब्युनलने (वरच्या न्यायाधिकरणाने) निकाल दिला की शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती पळवाट चालणार नाही. शाळेने आधी योग्य ते बदल केले होते का, आणि काढणं हा प्रमाणशीर उपाय होता का, हे तिला दाखवावं लागतं.

सरकारने सोपवलेला शाळेतून काढण्याविषयीचा एडवर्ड टिम्पसन यांचा अहवाल २०१९ मध्ये आला. टिम्पसन स्वतः फॉस्टर भावंडांबरोबर वाढलेले. कायमच्या काढण्याच्या १०० पैकी ७८ प्रकरणांत मुलाला विशेष शैक्षणिक गरजा होत्या, किंवा ते ‘गरजू मूल’ म्हणून कौन्सिलकडे नोंदलेलं होतं, किंवा त्याला शाळेत मोफत जेवण मिळत होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे कुणाला काढलं जाईल हे बऱ्याच अंशी आधी दिसत असतं. दिसत असेल तर आधी काही करताही येतं. केअरमधल्या मुलांना कायमचं काढण्याचं प्रमाण तसं कमी आहे, आणि त्यामागे व्हर्च्युअल स्कूलची आधीची धडपड आहे असं माझं ठाम मत आहे. पण सस्पेन्शनचं प्रमाण मात्र इतर मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. तुमचा मुलगा याच पट्ट्यात अडकलेला आहे.

डेप्युटी हेडचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण गांभीर्याने घ्या. डेप्युटी हेडना काढायचा अधिकार नाही. ते हेडच्या जागी काम पाहत असतील तेवढ्यापुरता अपवाद. आणि हेडनाही मनात आलं म्हणून काढता येत नाही. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: शाळेच्या वर्तन-नियमांचा गंभीर किंवा वारंवार भंग झाला, आणि मूल शाळेत राहिलं तर त्याच्या किंवा इतरांच्या शिक्षणाला वा हिताला गंभीर हानी पोचेल. शाळा बहुतेक वेळा पहिल्या अटीवर पानंच्या पानं लिहिते आणि दुसरीवर एक ओळ. म्हणून हेडना आत्ताच, विनयाने, एक पत्र लिहा. त्यात तो दोन रकान्यांचा कागद जोडा, कोणते बदल मागितले आहेत ते लिहा, आणि हे बदल सुरू होऊन त्यांचा परिणाम दिसेपर्यंत मोठा निर्णय घेऊ नये अशी विनंती करा. सोशल वर्कर आणि व्हर्च्युअल स्कूल हेड यांच्या सह्या त्यावर असतील तर उत्तम. पुढे प्रकरण गव्हर्नरांकडे गेलंच, तर ‘आम्हाला मुलाच्या परिस्थितीची कल्पना नव्हती’ असं म्हणायला जागा उरणार नाही.

पुढचं सस्पेन्शन झालं तर घाबरू नका. नोंदी नीट ठेवा. पहिल्या पाच दिवसांत शाळेने अभ्यास द्यायला आणि तपासायला हवा. त्या दिवसांत शाळेच्या वेळेत तो सार्वजनिक ठिकाणी फिरताना दिसू नये, ही जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते. सस्पेन्शन पाच दिवसांपेक्षा लांबलं तर सहाव्या दिवसापासून शाळेने पूर्ण वेळ शिक्षणाची दुसरी सोय करायची असते; केअरमधल्या मुलासाठी शाळेने आणि कौन्सिलने मिळून पहिल्याच दिवसापासून ती करायचा प्रयत्न करावा, असं मार्गदर्शन आहे. शालेय वर्षात एकूण ४५ दिवसांपेक्षा जास्त सस्पेंड करता येत नाही. छोट्या सस्पेन्शनलाही गव्हर्नरांकडे लेखी म्हणणं द्या. टर्ममध्ये एकूण पाच दिवसांपेक्षा जास्त झाले नसतील तर ते मुलाला परत घेण्याचा आदेश देऊ शकत नाहीत, पण तुमचं म्हणणं त्यांना विचारात घ्यावंच लागतं आणि ते कागदावर राहतं. परत येण्याच्या बैठकीला जमेल तर जरूर जा. मात्र बैठक झाली नाही म्हणून मुलाला दारात थांबवता येत नाही.

शाळा कदाचित ‘मॅनेज्ड मूव्ह’ सुचवेल, म्हणजे काढण्याऐवजी दुसऱ्या शाळेत बदली. तिथे सावध राहा. ही बदली सगळ्यांच्या संमतीनेच होऊ शकते. ‘नाहीतर काढू’ अशी धमकी देऊन मिळवलेली संमती ही संमती नव्हे. केअर ऑर्डर आहे म्हणजे पालकत्वाचे अधिकार कौन्सिलकडेही आहेत, तेव्हा तुम्ही एकट्याने कुठल्याही कागदावर सही करू नका. कधीकधी बदली खरंच चांगली असते. जुन्या शाळेत मुलाचं नाव इतकं खराब झालेलं असतं की तो दारातून आत आला तरी नोंद होते. पण ज्याने घरं बदलली त्याच्यासाठी शाळा ही एकच जुनी जागा असू शकते. त्याचा एकुलता एक मित्र तिथे असू शकतो. हे त्याला विचारा, आणि नवी शाळा नेमकं काय वेगळं करणार आहे ते लेखी मागा.

आणि तरीही कायमचं काढलं, तर? पहिले दोन-तीन दिवस सोन्याचे. गव्हर्नरांची बैठक होईपर्यंत हेडना स्वतःचा निर्णय रद्द करता येतो. व्हर्च्युअल स्कूल हेडनी त्याच दिवशी हेडना फोन करावा असा आग्रह धरा. पर्यायी सोय, जास्तीची मदत, काही आठवडे दुसरीकडे शिक्षण, असं काहीतरी हातात घेऊन केलेला फोन पुष्कळदा पत्र मागे घ्यायला लावतो. ते झालं नाही तर गव्हर्नरांना १५ शालेय दिवसांत बैठक घ्यावीच लागते, आणि तिथे सोशल वर्कर व व्हर्च्युअल स्कूल हेड यांना बोलवावं लागतं. शिक्षणाच्या कायद्यात मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्तीही ‘पालक’ धरली जाते, त्यामुळे तुम्हालाही बोलायचा हक्क आहे. कौन्सिल कधीकधी शाळेशी वाकडं नको म्हणून गप्प बसते. तसं वाटलं तर इंडिपेंडंट रिव्ह्यूइंग ऑफिसरना फोन करा. कौन्सिल मुलाची जबाबदारी नीट पार पाडते आहे का हे पाहणं त्यांचं कामच आहे.

गव्हर्नरांनी निर्णय कायम ठेवला तर तो कळल्यापासून १५ शालेय दिवसांत स्वतंत्र समितीकडे, म्हणजे इंडिपेंडंट रिव्ह्यू पॅनेलकडे जाता येतं. मुलाच्या विशेष गरजा शाळेने मान्य केल्या नसल्या तरी तुम्ही तिथे त्या विषयाचा तज्ज्ञ मागू शकता. हे पॅनेल शाळेला मुलाला परत घ्यायला भाग पाडू शकत नाही. निर्णय रद्द करून पुन्हा विचार करायला सांगू शकतं, आणि तरीही शाळेने परत घेतलं नाही तर तिच्या बजेटमधून ४,००० पौंड वळते होऊ शकतात. अपंगत्वावरून भेदभाव झाल्याचा दावा असेल तर तो वेगळ्या ट्रायब्युनलकडे सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी कोराम चिल्ड्रन्स लीगल सेंटर आहे, आणि प्रत्येक भागात विशेष गरजांसाठी सल्ला देणारी सेंडियास सेवा असते.

घरातल्या गोष्टीबद्दल थोडं बोलते, कारण आपल्या मराठी घरांत शाळेचं नाव निघालं की आवाज चढतो. अभ्यासावर आपला जीव असतो, म्हणूनच. पण सस्पेंड होऊन घरी आलेल्या मुलाला घरी दुसरी शिक्षा देऊ नका. शाळेची शिक्षा शाळेत झाली. सकाळी वेळेवर उठवा, शाळेचा अभ्यास टेबलावर बसून करवून घ्या, फोन आणि खेळ शाळा सुटायच्या वेळेनंतर द्या, आणि जेवताना त्या घटनेचा विषय काढू नका. पहिल्याच दिवशी एकदा, सरळ शब्दांत सांगा: “शाळेत काहीही झालं तरी तू या घरातून जाणार नाहीस.” हे तुम्हाला उघड वाटत असेल. त्याला ते उघड वाटत नाही. शाळा गेली की घरही जातं, असं त्याला पूर्ण खरं वाटत असण्याची शक्यता आहे. मात्र हे वाक्य पाळता येणार असेल तरच बोला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. स्पेशल गार्डियनशिप ऑर्डर घेतली की तो कायद्याने ‘पूर्वी केअरमध्ये असलेलं मूल’ होतो. शाळेतला डेझिग्नेटेड टीचर त्याच्यासाठी राहतो, शाळाप्रवेशातलं अग्रक्रमाचं स्थानही राहतं. पण पीईपी बंधनकारक राहत नाही. प्युपिल प्रीमियम प्लस व्हर्च्युअल स्कूलकडून न जाता थेट शाळेला मिळतो. व्हर्च्युअल स्कूलचं काम सल्ला आणि माहिती देण्यापुरतं उरतं, आणि सस्पेंड केल्यावर त्यांना कळवण्याचं हेडवरचं बंधनही केअरमधल्या मुलापुरतंच आहे. घर म्हणून त्याला तुमच्या नावाने पक्कं करणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यानेच तो शांत होईल असंही घडू शकतं. पण शाळा अशी डळमळीत असताना घाईने सही करू नका. आधी पीईपीमधले बदल एक-दोन टर्म नीट चालू द्या. मग ऑर्डरच्या वेळी जो सपोर्ट प्लॅन बनतो, त्यात शाळेसाठी कोणती मदत, किती काळ आणि कुणाकडून मिळत राहील हे सोशल वर्करकडून लिहून घ्या, आणि व्हर्च्युअल स्कूलमध्ये यापुढे कुणाला फोन करायचा ते नावही त्यात असू द्या.